इंजिन मध्ये की मागे : सोलापुरात राहून स्पोर्ट्स कार निवडण्याची रीत

सोलापुरात स्पोर्ट्स कार प्रत्यक्ष घेणारे थोडे आहेत, घ्यावी का याचा विचार करणारे मात्र बरेच आहेत. त्यांच्याशी बोलताना मला नेहमी जाणवते की चर्चा अश्वशक्तीपासून सुरू होते आणि शून्य ते शंभरचा वेग किती सेकंदांत, या आकड्यापाशी संपते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. शक्तीची सवय दोन महिन्यांत होते, आणि त्यानंतर तीनशे व चारशे अश्वशक्तीतला फरक आपल्या रस्त्यांवर फारसा हाती लागत नाही. इंजिन कोठे बसवले आहे ही गोष्ट मात्र प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक गतिरोधकावर जाणवत राहते, आणि गाडी विकेपर्यंत ती बदलता येत नाही. म्हणून निवड तेथूनच सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेल्या गाड्यांचे दोन प्रकार आहेत आणि बाहेरून पाहता ते सहज ओळखू येत नाहीत. इंजिन आसनांच्या मागे पण मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असेल, तर ती मध्य-इंजिनाची गाडी. पोर्शची बॉक्स्टर आणि केमन, लोटसची एमिरा, फेरारीची 296 जीटीबी, लॅम्बोर्गिनीची हुराकान या सगळ्या त्या वर्गातल्या. दिल्लीच्या 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये लोकांपुढे आलेली पुण्याची डीसी अवंतीदेखील मध्य-इंजिनाचीच होती. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, बंपरच्या आत असेल, तर ती मागील-इंजिनाची गाडी. आज या वर्गात नाव घेण्यासारखी स्पोर्ट्स कार जवळजवळ एकच उरली आहे, ती म्हणजे पोर्श 911.

मागील इंजिन आपल्याला परके नाही. सात रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षाचे इंजिन मागेच असते, आणि 2009 साली विक्रीला आलेल्या टाटा नॅनोचे 624 सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिनही मागेच होते. आमच्या घरी नॅनो होती. पेट्रोल भरण्यासाठी तिचे पुढचे झाकण उघडले की पंपावरचा नवा मुलगा आत इंजिन शोधू लागे आणि त्याला तेथे सुटे चाक दिसे. त्या गाडीचे पुढचे टायर 135 मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे 155 मिलिमीटरचे होते, कारण मागच्या टायरांना जास्त वजन पेलायचे होते. सध्याच्या पिढीच्या 911 कॅरेराला, म्हणजे 911 च्या मूळ मॉडेलला, पुढे 235 आणि मागे 295 मिलिमीटरचे टायर असतात, त्यामागचे कारणही हेच आहे.

वजनाच्या जागेने काय घडते

हे समजण्यासाठी तांत्रिक पत्रक लागत नाही. खांद्यावर कावड घेऊन वळून पाहावे. दोन टोकांना भरलेल्या घागरी असताना वळायला सुरुवात करणे जड जाते आणि वळता वळता थांबणे त्याहून जड जाते. तीच घागर पोटाशी धरली, तर माणूस जागच्या जागी गर्रकन वळतो. मध्य-इंजिनाची गाडी म्हणजे पोटाशी धरलेली घागर. इंजिन आणि माणसे असे सगळे जड सामान दोन अ‍ॅक्सलच्या मधोमध असल्यामुळे स्टिअरिंग फिरवताच गाडी दिशा बदलते, आणि दोन लागोपाठच्या उलटसुलट वळणांत तर हा फरक नवख्या चालकालाही कळतो. मात्र घागर पोटाशी असलेला माणूस पाय घसरल्यावरही तितक्याच चटकन गिरकी घेतो. मध्य-इंजिनाच्या गाडीची पकड सुटण्याची हद्द उंच असते, पण ती हद्द ओलांडल्यावर सावरायला मिळणारा वेळ फार थोडा असतो.

मागील-इंजिनाच्या गाडीसाठी दुसरा दाखला घ्यावा. सायकलच्या कॅरिअरवर ज्वारीचे पोते बांधले आहे आणि ते जरा मागे सरकलेले आहे. पुढचे चाक हलके होते आणि हँडल लटपटते, पण चढावर पायडल मारताना मागचे चाक जमिनीला घट्ट धरून राहते. वळणात एकदा का मागचा भाग बाहेर जाऊ लागला, की पोते त्याला आणखी बाहेर ओढते. 911 च्या सुमारे दीड हजार किलो वजनापैकी जेमतेम दोन पंचमांश पुढच्या चाकांवर येते आणि बाकीचे मागच्या चाकांवर. केमनमध्ये पुढे सुमारे 45 टक्के आणि मागे 55 टक्के अशी वाटणी आहे. म्हणून 911 वळणात शिरताना नाक थोडे सरळ रेटू पाहते आणि वळणातून बाहेर पडताना मात्र मागच्या टायरांवरच्या वजनामुळे अशी काही झेपावते की त्या क्षणी दुसरी गाडी नकोशी वाटते. ब्रेक लावल्यावर प्रत्येक गाडीचे वजन पुढे सरकते. 911 मध्ये मागे मुळातच वजन शिल्लक असल्यामुळे चारही टायर कामाला लागतात, आणि सरळ रेषेत थांबण्यातली तिची ख्याती त्यातूनच आली आहे.

इतके अवघड असूनही इंजिन मागे का ठेवले, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पोर्शच्या जन्मकथेत आहे. ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे 1948 साली तयार झालेल्या पहिल्या 356 गाडीचे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, म्हणजे मध्ये होते. विक्रीसाठीची 356 बनवताना ते अ‍ॅक्सलच्या मागे नेण्यात आले, कारण त्यामुळे आत माणसांना आणि सामानाला जागा मिळत होती. पुढे 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 901 या नावाने दाखवलेली आणि प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीच्या हरकतीमुळे 911 असे नाव घेतलेली गाडी हाच वारसा घेऊन आली. तिच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत नाक जड करण्यासाठी पुढच्या बंपरमध्ये वजने ठेवावी लागली होती. नंतर 1969 च्या मॉडेलपासून मागची चाके 57 मिलिमीटर मागे सरकवून तोल सुधारला गेला. मग 2017 च्या शर्यतीच्या हंगामासाठी त्याच कंपनीने 911 आरएसआर बनवली, तेव्हा इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे घेतले. म्हणजे जेथे फक्त वेग मोजला जातो तेथे त्यांनी इंजिन मध्ये आणले आणि जेथे माणसे बसवायची आहेत तेथे ते मागे ठेवले. आपली निवडही नेमकी याच दोन गरजांमधली आहे, हे मला फार उद्‌बोधक वाटते.

तुळजापूरच्या घाटातले एक वळण

आता गोष्ट आपल्या रस्त्यावर आणू. उसाचा हंगाम आहे, सकाळ आहे, आणि आपण तुळजापूरजवळचा घाट चढत आहोत. वळण डावीकडे जाते, आतल्या बाजूला डोंगराची कड असल्यामुळे पुढचे दिसत नाही. वळणाच्या मध्यावर पोहोचताच समोर उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली दिसते. मागे लाल कापड नाही, रिफ्लेक्टर नाही, वेग माणसाच्या चालण्याएवढा. त्या क्षणी उजवा पाय काय करतो?

बहुतेकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदम उचलला जातो. पुढे इंजिन असलेल्या रोजच्या गाडीत याने विशेष बिघडत नाही. गाडी थोडी आत वळते आणि वेग कमी होतो. मागील-इंजिनाच्या गाडीत पाय उचलताच वजन पुढे जाते, मागच्या टायरांवरचा दाब घटतो आणि अ‍ॅक्सलच्या मागे असलेले इंजिन त्याच वेळी शेपूट बाहेर ढकलते. आजच्या 911 मध्ये स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे बहुतेक वेळा आवरते, पण वेग मुळातच जास्त असेल तर कोणतीही यंत्रणा टायरला नसलेली पकड देऊ शकत नाही. मध्य-इंजिनाच्या गाडीत हाच पाय उचलला, तर गाडी अधिक तोल राखून आत वळते आणि चालकाची चूक थोडी जास्त सोसते. मात्र ब्रेकही जोरात दाबला आणि स्टिअरिंगही झटक्याने फिरवले, तर तीही गिरकी घेते.

म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी एक काम करावे. आठ दिवस आपल्या रोजच्याच गाडीत शेजारी घरातल्या कोणाला तरी बसवावे आणि त्यांना फक्त आपल्या उजव्या पायाकडे पाहायला सांगावे. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करून, वळणात पाय हलकासा स्थिर ठेवून बाहेर पडण्याची सवय आपल्याला आहे का, की वळणात शिरल्यावर ब्रेकची आठवण होते? पहिली सवय असलेल्या माणसाला 911 भरभरून देते. दुसरी सवय असेल तर ती आधी मोडावी, आणि ती मोडेपर्यंत मध्य-इंजिनाची, तीही माफक शक्तीची गाडी घ्यावी. या परीक्षेत कमीपणा काही नाही. मलाही पहिल्यांदा पाहणाऱ्याने जे सांगितले ते ऐकायला आवडले नव्हते. आणि घाटात, महामार्गावर किंवा शहरात गाडीची हद्द तपासायला जाऊ नये. ती हौस असेल तर चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या बंदिस्त ट्रॅकवर, शिकवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून भागवावी.

काळी माती, ऊन आणि गतिरोधक

आपल्या भागातल्या रस्त्यांखाली काळी माती आहे. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, त्यामुळे वरचे डांबर गुळगुळीत दिसले तरी त्याला लांबट लाटा पडतात. विजापूर किंवा अक्कलकोटच्या दिशेने आतल्या रस्त्यांवर हे चांगले कळते. अशा लाटांवर 911 चे हलके नाक वरखाली होते आणि स्टिअरिंगमध्ये ती हालचाल हाताला लागते. काही जणांना ती रस्त्याशी चाललेली बोलणी वाटते, काही जणांना दोन तासांनी तिचा थकवा येतो. मध्य-इंजिनाची गाडी लाटांवर अधिक सपाट राहते. चाचणीसाठी म्हणूनच पुण्याच्या बाह्यवळणावरचे नवे काँक्रीट पुरेसे नाही. विक्रेत्याला विनंती करून लाटा असलेल्या डांबरी रस्त्यावर निदान वीस किलोमीटर गाडी चालवून पाहावी, आणि मोठ्या रिमचे, पातळ टायर लावलेले मॉडेल टाळता आले तर टाळावे. लहान रिम आणि जाड टायर आपल्या रस्त्यांना केव्हाही बरे.

गतिरोधकांच्या बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच नाजूक आहेत. 911 साठी पुढचा अ‍ॅक्सल सुमारे 40 मिलिमीटरने उचलणारी सोय जादा पैसे देऊन मिळते, आणि सोलापुरात राहणाऱ्याने इतर सगळ्या जादा गोष्टींच्या आधी तिच्यासाठी पैसे ठेवावेत. घराचा किंवा सोसायटीचा रॅम्प मात्र प्रत्यक्ष गाडी नेऊनच तपासावा. चढताना बंपरचा खालचा ओठ लागतो का आणि उतरताना मागचा भाग टेकतो का, हे दोन्ही पाहावे, कारण 911 ची मागच्या चाकांपलीकडची लांबी इंजिनामुळे बरीच आहे. तिरपी चढवल्यावर गाडी सुटत असेल, तर तेवढी तिरपी व्हायला रॅम्पची रुंदी पुरते का, हेही त्याच वेळी टेपने मोजून घ्यावे.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे की इंजिन मागे म्हणजे गाडी तापणारच. पाण्याने थंड होणाऱ्या 911 चे आणि बॉक्स्टर-केमनचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात आणि पाणी नळ्यांतून मागे जाते. हवेने थंड होणारी 911 तर 1998 सालीच थांबली. खरी अडचण कचऱ्याची आहे. बंपरच्या जाळीतून शिरलेली कडुनिंबाची वाळलेली पाने, धूळ आणि किडे रेडिएटर व एसीच्या कंडेन्सरपाशी साठून राहतात, आणि मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास गेला की एसी मंदावतो. हा थर बाहेरून नुसते पाणी मारून निघत नाही, बंपर उतरवावा लागतो. वापरलेली गाडी घेताना हा बंपर शेवटचा केव्हा उतरवला होता, हा प्रश्न जरूर विचारावा. चाचणीही शक्यतो दुपारी तीनच्या सुमारास घ्यावी. पार्क चौकातल्या गर्दीत गाडी पंधरा मिनिटे सरकत ठेवून पाण्याचे तापमान आणि एसीची हवा पाहावी. इंजिन बंद केल्यावर पंखा काही मिनिटे फिरत राहिला, तर घाबरू नये, तो त्यासाठीच असतो.

माणसे, सामान आणि देखभाल

मध्य-इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत दोनच माणसे बसतात. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी घरी गाडी आल्यावर प्रत्येकाला ती नव्याने कळते. 911 च्या मागच्या दोन आसनांवर मोठा माणूस बसू शकत नाही, पण दहा वर्षांपर्यंतची मुले मजेत बसतात, आणि मुले नसतील तेव्हा तेथे बऱ्यापैकी सामान राहते. पुढच्या डिकीत 911 मध्ये सुमारे 130 लिटर जागा आहे. केमनमध्ये पुढे सुमारे 150 लिटर आणि शिवाय मागेही स्वतंत्र डिकी मिळते, त्यामुळे दोन माणसांच्या प्रवासाला ती 911 पेक्षा सोयीची ठरते. एक लक्षात ठेवावे. मागची डिकी इंजिनाला लागून असल्यामुळे तापते. शेंगाचटणी तेथे बिनधास्त ठेवावी, पेढे आणि खवा पुढे ठेवावेत.

इंजिनापर्यंत हात पोहोचण्याच्या बाबतीत मध्य-इंजिन अधिक त्रासदायक आहे. केमनचे झाकण उघडून इंजिन दिसतच नाही. मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट भरण्याची तोंडे असतात, बाकीचे काम गाडी लिफ्टवर घेऊन खालून किंवा आसनांमागची आवरणे काढून करावे लागते. 911 मध्येही बरेच काम खालूनच होते, तरी ती त्या मानाने मोकळी आहे. दोन्हींसाठी अधिकृत सेवेला मोठ्या शहरात जावे लागते, तेव्हा जाण्यायेण्याचा दिवस आणि गाडी ट्रकवर नेण्याचा खर्च वर्षाच्या अंदाजात धरावाच. सुटे चाक दोन्हींत नसते. मोहोळ-टेंभुर्णीच्या मध्ये टायर फाटला तर जवळची टायर भरण्याची बाटली उपयोगी पडत नाही, म्हणून सपाट पाट्याच्या ट्रकवाल्याचा क्रमांक आधीच फोनमध्ये ठेवावा. 1997 ते साधारण 2008 पर्यंतच्या बॉक्स्टर, केमन आणि 911 यांपैकी बऱ्याच गाड्यांत इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग हा ओळखीचा कच्चा दुवा आहे. त्या काळातली गाडी पाहत असाल, तर बेअरिंग बदलल्याच्या पावतीशिवाय सौदा करू नये.

माझा कौल विचाराल, तर असा आहे. घरात ही एकच हौसेची गाडी असणार असेल, मुले लहान असतील, पुण्याला महिन्यातून दोनदा जाणे असेल आणि वळणाआधी ब्रेक लावण्याची सवय पक्की असेल, तर 911 घ्यावी, मागील चाकांवर चालणारी साधी कॅरेरा घ्यावी. तिच्यासारखी रोजच्या वापरात इतकी वर्षे निभावणारी स्पोर्ट्स कार मला दुसरी दिसत नाही. घरात माणसांसाठी वेगळी गाडी असेल आणि गाडी चालवण्याची कला मनापासून शिकायची असेल, तर मध्य-इंजिनाची घ्यावी. ती हाताने केलेली प्रत्येक गोष्ट ताबडतोब आणि प्रामाणिकपणे परत सांगते, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नसते. पाचशे-सहाशे अश्वशक्तीची मध्य-इंजिनाची पहिली गाडी म्हणून घेणे मात्र मला मान्य नाही. तिच्यातली मागची दृष्टी तोकडी असते, रुंदी नवी पेठेतल्या रस्त्यांना मानवत नाही, आणि चूक सावरायला ती सवड देत नाही.

सौदा ठरला की ताबा घेण्याआधी चारही टायरांवरचा चार अंकी आकडा वाचावा. 3524 असेल तर टायर 2024 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शाबूत पण टायर सहा वर्षांचा, अशी गाडी आपल्या उन्हात मागच्या चाकांवर भरवसा ठेवण्याजोगी नसते. पुढच्या आणि मागच्या टायरांतला हवेचा दाब वेगळा असतो, तो दारावरच्या पट्टीवरून उतरवून घ्यावा आणि भरणाऱ्याला चारही चाकांत सारखी हवा भरू देऊ नये, कारण पुढे-मागे दाब चुकला की वर सांगितलेला सगळा तोल बिघडतो. पहिल्या रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना आणि मागे कोणी नसताना, ताशी साठच्या वेगावरून सरळ रेषेत पूर्ण ताकदीने चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा. चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा चालू झाली की पायाखाली पायडल थरथरते, तेव्हा ब्रेक तसाच दाबून धरायचा असतो, हे पायाला त्या दिवशीच शिकवून ठेवावे.